हरकतीचा अर्ज

बाबांना घरासमोरच्या चौकात गाडीने उडवलं, ते जागीच गेले, त्याला अठरा दिवस झाले होते. तेव्हापासून लेक नगरपालिकेच्या रस्ते विभागात खेटे घालत होती. चौकाच्या मधोमध एक छोटं गोल बेट, एवढंच तिचं मागणं होतं. वळसा घालावा लागला की गाड्या आपसूक हळू होतात. आई अजूनही तोच चौक ओलांडून औषधं आणायला जात होती.

"ताई, ते बेट गेल्या वर्षीच मंजूर झालं होतं," इंजिनिअर म्हणाला. "दगडसुद्धा येऊन पडले होते."

"मग आता अडलंय कुठे?" तिने नजर चुकवत विचारलं.

"तुमच्याच गल्लीत. गाड्या लावायला जागा उरणार नाही म्हणून लोकांनी हरकत घेतली. नुसती ओरड असती तर या कानाने ऐकून त्या कानाने सोडली असती. पण अर्ज असा बिनतोड, की साहेबांनी कामच रद्द केलं."

"पुन्हा मंजूर करा. पाया पडते तुमच्या."

"त्यासाठी तोडीस तोड अर्ज लागेल. हा ज्याने लिहिलाय, त्यालाच गाठा." त्याने फाइल तिच्यापुढे सरकवली.

पहिली सही बाबांची होती. "आपल्या गल्लीत तुझ्यासारखं लिहितं कोण?" असं म्हणत त्यांनीच शेजाऱ्यांदेखत तिच्या हातात पेन दिलं होतं. अर्जातलं शेवटचं वाक्य तिला न वाचताही पाठ होतं: 'या चौकात आजवर कुणाचाही जीव गेलेला नाही.'