ओढ्याकडचा बांध

मुख्य पाहुण्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय कुणालाही वाढायचं नाही, असं माइकवरून तिसऱ्यांदा सांगून झालं, तेव्हा द्वारकाबाईची भाजी दुसऱ्यांदा निवली होती. तिनं पातेलं परत शेगडीवर चढवलं.

वाशी गावच्या बाजारपेठेचा रस्ता सकाळपासून अडवून रानभाजी महोत्सव भरवला होता. कमानीवर हिरव्या अक्षरांत ‘रानभाज्या वाचवा, विषमुक्त जेवा’ असं लिहिलेलं. कमान नानासाहेबांच्या कृषी दुकानानं दिली होती, म्हणून त्याच्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत तणनाशकावरची सवलत होती. मुख्य पाहुणेही नानासाहेबच. कमान, हार आणि पहिला घास एकाच माणसाकडं ठेवला की रुसवेफुगवे होत नाहीत, हे संयोजकांना अनुभवानं ठाऊक होतं.

मघाशी एका पोरीनं येऊन द्वारकाबाईच्या टोपल्यांवर शास्त्रीय नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. तरोट्याची चिठ्ठी घोळीवर गेली. द्वारकाबाईनं ती तशीच राहू दिली. ती चिठ्ठ्यांसाठी आली नव्हती.

चाळीस वर्षं ती बांधाबांधानं फिरून भाजी खुडत होती आणि बाजारात विकत होती. आता बांध खुरपायला कुणाला वेळ नाही, पाठीवर पंप घेतला की काम झालं. तिच्या शिवारातले सगळे बांध करपून पिवळे पडले होते. हिरवा उरला होता तो एकच, नानासाहेबांच्या रानातला ओढ्याकडचा. त्याच्यावरही यंदा फवारणी होणार, असं त्यांच्या गड्याच्या बायकोनं तिला सांगितलं होतं. तो गेला की द्वारकाबाईची पाटी रिकामी. म्हणून ती आली होती. नानासाहेबांना पोटभर खाऊ घालायचं आणि जीभ खूश झाली की तेवढा बांध मागून घ्यायचा, एवढाच तिचा बेत होता.

त्यासाठी तिनं पहाटेच पाथरी खुडून आणली होती. पानांवर पांढुरके ठिपके वाळले होते. चिखल उडाला असेल म्हणून तिनं ती दोन पाण्यांनी धुतली, मुगाची डाळ घालून शिजवली. पाहुण्याआधी स्वतः चाखायची नाही, ही तिच्या आईची रीत. मीठसुद्धा अंदाजानंच घातलं होतं.

नानासाहेब आले ते गळ्यात दोन हार घेऊनच. पहिल्या घासाला त्यांना आई आठवली. फोटोवाल्याला नीट मिळालं नाही म्हणून दुसऱ्या घासालाही आठवली. मग मात्र ते खरंच जेवू लागले. एक ताट संपवून त्यांनी दुसरं मागून घेतलं आणि भाकरी मोडत मोडतच माइकवर बोलले. रानभाजी म्हणजे काळ्या आईचं दूध आहे, आपल्या पोटात विष कोण कालवतंय याचा प्रत्येकानं विचार करावा, असं त्यांनी कळकळीनं सांगितलं. टाळ्या पडल्या. द्वारकाबाईला वाटलं, हीच वेळ.

“नानासाहेब, एकच मागणं हाय,” ती पुढं होऊन म्हणाली. “ओढ्याकडचा बांध तेवढा फवारू नका.”

नानासाहेबांनी माइकवर हात ठेवला.

“मावशी, आधी बोलायचं व्हतं. काल सांजच्यालाच मारून घेतला. पुढच्या साली बघू. आता लोकांना वाढा, लई ताटकळलेत.”

गेला बांध. चाळीस वर्षांचं चालणं तिथंच संपलं, आणि द्वारकाबाई तासभर उगाच आशेनं शेगडी पेटवून बसली होती. तिला रडू फुटायचंच बाकी होतं. तेवढ्यात रांगेतल्या पहिल्या बाईनं कडेवरच्या लेकरासकट ताट पुढं केलं. द्वारकाबाईनं डाव उचलला. भाजीकडं पाहिलं. मग तो डाव तसाच खाली ठेवला, पातेल्यावर झाकण घातलं आणि शेगडी बंद केली.

नानासाहेबांनी ताटातली उरलेली भाजी बोटानं पुसून तोंडात घातली आणि काय झालं म्हणून विचारलं.

“ही कुणाला वाढायची न्हाय,” झाकणावर हात दाबून ती म्हणाली. “पाथरी आता फकस्त तुमच्याच बांधाला उरलीया. म्या आज पहाटं तिथनंच खुडून आणली.”