दीड सिस्टर

हॉस्पिटलच्या मॅनेजरसाहेबांनी मीटिंगमध्ये तक्ता दाखवला. "ऑपरेशन थिएटर दोन, सिस्टर तीन. म्हणजे प्रत्येकी दीड. चौथी हवीच कशाला?"

"साहेब, पोट शिवायच्या आधी गॉजचे तुकडे मोजायला दोघी लागतात," थिएटरच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "एकटीची मोजदाद चुकली, तर तुकडा पेशंटच्या पोटातच राहतो."

"अहो, जमवून घ्या हो थोडं!"

महिनाभरातच साहेबांचं अपेंडिक्स सुजलं. टेबलावर आडवं झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "सिस्टर, तुम्ही दोघी आहात ना?"

 

"मी अख्खी आहे, साहेब. अर्धी शेजारच्या थिएटरमध्ये आहे, तिकडचं आटपलं की येईलच."