भरून पावले

शेठजींच्या मोटारीनं डोणगावच्या बाजाराच्या रस्त्यावर नूरबीच्या नवऱ्याला, कय्यूम पिंजाऱ्याला चिरडलं, त्याला महिना झाला होता. आज शेठजींच्या वकिलांनी तिच्यापुढं जमिनीवर राजाच्या छापाच्या चार नोटा ठेवल्या आणि कागद वाचला, "सर्व नुकसान भरून पावले." "म्हंजे काय जी, साहेब?" "म्हणजे आता तुझं काही मागणं उरलं नाही. अंगठा उठव." शाई लावलेला अंगठा नूरबीनं वरच्यावर थांबवला. भरणं म्हणजे काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पंचक्रोशीतल्या गाद्या कय्यूमच भरायचा. गादी भरली की मधोमध तळवा दाबायचा. हात जमिनीला टेकला, तर टाके उसवून पुन्हा कापूस कोंबायचा. तिनं नोटांवर तळवा दाबला. "हात खाली टेकला, साहेब," ती म्हणाली. "इतकी रिकामी गादी त्यायनं कधी कोणाले देली नाई." तिनं अंगठा पदराला पुसून टाकला.