अख्ख्या शेवया

आईच्या वाढदिवसाचं पान्सित, म्हणजे शेवयांचा फिलिपिनो पदार्थ, शिकताना मृणालने खिरीला मोडतात तशा शेवया मोडायला घेतल्या, तशी तिची फिलिपिनो भावजय मारिसेल ओरडली, “ताई, थांबा! पान्सितला शेवया अख्ख्याच लागतात. जितक्या लांब शेवया, तितकं वाढदिवसवाल्याचं आयुष्य. मोडल्या तर आयुष्य मोडतं.”

“मग अख्ख्याच घाल बाई! गाठू दे आईला शंभरी,” मृणाल म्हणाली. तिची परतीची गाडी संध्याकाळची होती. सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईला रोज उचलायची ती मारिसेलच.

आईने ताटातल्या लांबलचक शेवया पाहिल्या, मग सुनेच्या कमरेचा कंबरदुखीचा पट्टा पाहिला. “कात्रीने बारीक कर गं,” ती सुनेला म्हणाली.

“गिळवत नाहीये का, आई?” मृणालने विचारलं.

“गिळवतंय. स्वयंपाकघरातलं सगळं ऐकलंय मी.”

मारिसेलने उशाजवळची कात्री उचलून पाठीमागे लपवली. आई लेकीकडे वळली.

“तिला नाही जमायचं. तू कर.”