म्हशीचा खड्डा

"म्हैस कुठाय, आजी?" पाण्यात उतरण्याआधीच मी विचारलं.

"दिवाळीत गेली, बाबा."

इथे बेटाला वेढून नदीचे दोन प्रवाह होतात. त्यातला जो जास्त खोल, तीच दोन देशांची सीमा. दर माघात अलीकडून मी आणि पलीकडून खतिवडासाहेब, असे दोघं सर्व्हेअर मिळून खोली मोजतो. बेटावर आमच्या काठावरच्या या आजींचं कलिंगडाचं शेत आहे. पलीकडचा प्रवाह खोल निघाला, तरच ते आपल्या देशात राहतं. म्हणून आजी म्हशीला वर्षभर त्याच प्रवाहात डुंबायला नेत. तिने केलेला खड्डा खतिवडांनाही ठाऊक होता. "नियमात म्हशीबद्दल काही नाही," एवढंच ते म्हणायचे.

यंदा अलीकडे चार फूट भरले. पलीकडे काठी साडेतीनलाच टेकली. खड्डा गाळाने बुजला होता. आजी नुसत्या वेलांकडे बघत उभ्या राहिल्या.

खतिवडांनी माझ्या हातून काठी घेतली, दोन्ही हातांनी गाळात खोल दाबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहा. सव्वाचार."