फटीची रिंग

जादूच्या रिंगांचा सेट बंडूजी नेहमी स्वस्तातलाच घेत. त्यातल्या एका रिंगेची फट उघड दिसायची, पण ती रिंग ते तपासायला पहिल्या रांगेत अनोळखी बनून बसलेल्या आपल्या बायकोकडेच देत. मंदाबाई फटीवर अंगठा ठेवून सांगायची, "अखंड हाय."

ती वारल्यावर दुकानदार म्हणाला, "आता चांगला सेट घ्या, जी."

"काऊन? हाताले याचीच सवय हाय."

पवनारच्या दरवर्षीच्या खेळात त्याच सवयीनं रिंग पहिल्या रांगेत गेली. मंदाबाईच्या जागी गावातली शकुबाई बसली होती. रिंग फिरवताना तिचा अंगठा फटीवर थांबला. बंडूजींनी रिंग परत घ्यायला घाईनं हात पुढे केला.

 

"अखंड हाय," शकुबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दरसाल असते तशीच."