करंगळीतलं पोवळं

"अंगठी काढल्याशिवाय कुस्ती लागणार न्हाई," ज्ञानोबा पंच म्हणाले आणि हलगी थांबली.

शिवानी हौदातल्या लाल मातीत उभी होती. तिच्या अनामिकेत तांब्याची अंगठी होती आणि अंगठीत हरभऱ्याएवढं पोवळं. तक्रार केली होती तिच्याशी लढणाऱ्या, माहूरच्या राजकन्या नावाच्या मुलीच्या वस्तादांनी.

"पोवळं म्हंजे मंगळाचा खडा," किशन वस्ताद सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "अन् मंगळ म्हंजे ताकद. आमच्या पोरीनं एकटीनं दोघांशी का लढावं?"

जत्रेतली माणसं हसली. कडेला बसलेले शिवानीचे वडील, संगमेश्वर, मात्र ताडकन उठले. ते किराणा दुकानदार. आवाज चढवायची सवय नव्हती. मुलीची कुस्ती बघायलाही ते आज पहिल्यांदाच आले होते.

"ताकदीसाठी न्हाई घातलं ते," ते म्हणाले. "मंगळ शांत व्हावा म्हणून घातलंय. पोरगी मंगळाची हाय."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. उद्या देगलूरचे पाहुणे शिवानीला बघायला येणार होते. त्यांना हे सांगितलेलं नव्हतं. आता साऱ्या जत्रेला कळलं.

"शांत करून कुस्तीला आणली व्हय, अप्पा?" मागून कुणीतरी विचारलं. पुन्हा हशा झाला.

"ताकदीचं असो का शांतीचं," पंच म्हणाले, "बोटात राहिलं तर कुणाचं तरी तोंड फुटंल. काढ, बाई."

संगमेश्वर हौदाच्या काठाशी गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "काढू नको. लग्न ठरंपर्यंत बोटातून काढायचं न्हाई, असं रेवणसिद्ध स्वामींनी बजावलंय. राहू दे कुस्ती. चल घरी."

"अन् आपलं ठरलंय त्याचं काय?"

ठरलं होतं ते असं. शिवानी हरली तर तिने उद्या पाहुण्यांपुढे बसायचं आणि आखाडा कायमचा सोडायचा. जिंकली तर संगमेश्वरांनी देगलूरला नकार कळवायचा. या हंगामात राजकन्येची पाठ कुणीही मातीला लावलेली नव्हती. म्हणूनच त्यांनी हे कबूल केलं होतं.

शिवानीने अंगठी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"सांभाळा, अप्पा. मंगळाला जरा मोकळं फिरू द्या."

अंगठी खिशात टाकायची नाही, खाली ठेवायची नाही, हेही स्वामींनी सांगितलं होतं. संगमेश्वरांनी ती आपल्याच करंगळीत घातली. सांध्यावर अडली. त्यांनी दाबून बसवली.

हलगी सुरू झाली. राजकन्या खरोखरच भारी होती. हाताला हात लागतो न लागतो तोच तिने पट काढला, पाय ओढून शिवानीला पालथी पाडली आणि पाठीवर बसली.

"उलटी कर तिला!" किशन वस्ताद ओरडले.

संगमेश्वरांनी अंगठीच्या हाताने गळ्यातलं इष्टलिंग घट्ट धरलं. झालं, त्यांना वाटलं. उद्या पोहे होतील, परवा सुपारी फुटेल. हायसं वाटायला हवं होतं, पण वाटेना. शिवानीचा गाल मातीत दाबला गेला होता. डोळे उघडे होते.

"ऊठ! शिवानी, ऊठ की गं!"

शेजारच्या माणसाने वळून पाहिलं, तेव्हा त्यांना कळलं की ओरडतोय ते आपणच. पण मग थांबता आलं नाही. "ऊठ! सोडू नको तिला! ऊठ!"

शिवानीने एक गुडघा मातीत रोवला. मग दुसरा. राजकन्येला पाठीवर घेऊनच ती उभी राहिली, खांद्यावरून आलेला तिचा हात तिने दोन्ही हातांनी ओढला आणि कमरेत वाकली. धोबीपछाड. माती उडाली. धूळ खाली बसली तेव्हा राजकन्या उताणी पडून आभाळाकडे बघत होती.

टोप्या उडाल्या. शिट्ट्यांनी कानठळ्या बसल्या. राजकन्या उठली आणि तिनेच शिवानीचा हात वर केला.

"माहूरला ये," ती धापा टाकत म्हणाली. "तिथं बघते तुला."

"येते की."

शिवानी वडिलांपाशी आली. "अंगठी, अप्पा."

संगमेश्वरांनी ओढून पाहिली. मूठ आवळून आवळून करंगळी सुजली होती. शिवानीने मातीच्या हातांनी ओढली. किशन वस्तादांनीही ओढून पाहिली आणि नाद सोडला.

"राहू द्या," शिवानी म्हणाली. "शांत व्हायची गरज तुम्हालाच हाय. केवढ्यानं वरडत होता!"

मग तिचा आवाज खाली आला. "अप्पा... फोन?"

संगमेश्वरांनी मोबाईल काढला. देगलूरचा नंबर लावला. आजूबाजूची माणसं जवळ सरकली.

"हॅलो, संगमेश्वर बोलतोय. उद्या येऊ नका... न्हाई, न्हाई, तब्येती बऱ्या हायत सगळ्यांच्या." त्यांनी शिवानीकडे पाहिलं. कपाळापासून टाचेपर्यंत ती लाल मातीने माखली होती. "पोरगी मंगळाची हाय."

पलीकडे नीट ऐकू गेलं नसावं. संगमेश्वरांनी मान वर केली.

"मंगळाची!" ते सगळ्या जत्रेला ऐकू जाईल एवढ्याने ओरडले. "व्हय! लई कडक!"